एका मीटरवर दोन चुली

नेपरव्हिल, सोमवार, ६ जानेवारी २०२५

नीना,

मायना काय लिहायचा यातच सकाळ गेली, म्हणून नुसतं नाव लिहिते. पावणेतीन वर्षं आपलं बोलणं बंद आहे आणि ते मी चालू करत नाहीये. पण लिहायचं नाही असं काही आपलं ठरलं नव्हतं. हे पत्र बेसमेंटच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर ठेवते आहे. त्याच्याखाली एक फॉर्म आहे. पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे तिथं सही कर आणि त्याच पायरीवर परत ठेव. बाकी तुझ्याकडून मला काही नको.

शनिवारी फर्नेस बंद पडली आणि सगळं घर गारठलं, हे तुला सांगायला नको. दुरुस्तीचा माणूस ती तपासत होता तेव्हा तू दार किलकिलं करून उभी होतीस, मला तुझ्या चपला दिसल्या. तरी सगळं ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. आतली लोखंडी पेटी तडकली आहे. पेटवली तर विषारी वायू घरभर होईल, म्हणून त्यानं गॅस बंद करून वर लाल कागद लावला. दुरुस्ती होणार नाही, नवीनच बसवावी लागेल. नवीनची किंमत त्यानं सांगितली आणि मी त्याला चहा विचारायचंसुद्धा विसरले.

आता मुद्द्याचं. पेन्शनवर जगणाऱ्यांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार मदत करतं. पैसे आपल्या हातात देत नाहीत, परस्पर गॅस कंपनीला भरतात. आणि घर स्वतःचं असून फर्नेस मेली असेल तर तेही बघतात. मी नोव्हेंबरमध्ये गुपचूप अप्लाय केलं होतं. डिसेंबरात नकार आला. का, तर याच पत्त्यावरून आणखी एक अर्ज आलाय! मी म्हटलं, या पत्त्यावर आता कोणतं भूत अर्ज करतंय? मग ट्यूब पेटली. अगं, तू! तूसुद्धा गुपचूप! मी एकटीच किचनमध्ये उभी राहून हसत सुटले. दोघींनी चोरून अर्ज केले आणि दोघींनी ‘घरात माणसं किती’ या रकान्यात ‘एक’ लिहिलं.

आज सकाळी काउंटीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथं अनिका नावाची मुलगी आहे. आपल्यातलीच, इथं जन्मलेली, मराठी ऐकते आणि इंग्लिशमध्ये उत्तर देते. मी तिला समजावून सांगितलं की बाई, आम्ही जावाजावा, आमची चूल वेगळी आहे. वर माझं किचन, खाली तिचं. दूध वेगळं, मीठ वेगळं, माझ्या फ्रीजला तिचा हात नाही की तिच्या डब्याला माझा. आमच्या नागपूरला केव्हाच रेशनकार्ड वेगळं झालं असतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ओके काकू. हाउ मेनी फर्नेसेस?” मी म्हटलं, एक. “गॅस मीटर?” तोही एकच. “देन इट्स वन हाउसहोल्ड, काकू. आय कान्ट डू एनिथिंग.”

तर असं आहे. एक फॉर्म, त्यात दोघींची नावं, दोघींचे पेन्शनचे कागद, दोघींच्या सह्या. नाहीतर कोणालाच काही मिळणार नाही. फर्नेसची एमर्जन्सी नोंद अनिका सोळा तारखेपर्यंत धरून ठेवणार आहे. त्यानंतर यादीतला पुढचा माणूस. वीस तारखेला शून्याखाली जाणार असं टीव्हीवर सांगतायत. गोठून पाइप फुटले तर हे घर राहण्यासारखं उरणार नाही. मग तू तिकडे लांब कॅरीला तुझ्या लेकाच्या, नकुलच्या सोफ्यावर, आणि मी कुठल्या तरी म्हाताऱ्यांच्या होममध्ये, जिथं जेवणात मीठ घालत नाहीत. मला हे घर सोडायचं नाही. तुलाही सोडायचं नाही, नाहीतर भांडण झालं तेव्हाच गेली असतीस.

नकुलला मी काही कळवलेलं नाही. त्याची नोकरी गेली त्याला आता आठ महिने होतील, त्यात दोन लहान मुलं. त्याच्यावर भार टाकायचा नाही, हे आपण दोघींनी एकमेकींशी न बोलताच ठरवलंय, आणि ते बरोबर आहे.

सही कर.

सुचित्रा


बुधवार, ८ जानेवारी

नीना,

फॉर्म परत मिळाला. सही नाही. मागच्या बाजूला तीन शब्द: ‘मला गरज नाही.’ वर चार घड्या. घडी पडलेला फॉर्म चालतो का, हे मी अनिकाला फोन करून विचारलं. चालतो. तेव्हा तोच इस्त्री करून पुन्हा पायरीवर ठेवला आहे.

गरज नाही म्हणे! काल कचरा टाकायला बाहेर गेलीस तेव्हा खिडकीतून बघितलं मी. अंगात भाऊजींचा ओव्हरकोट होता. आत आलीस तरी काढला नाहीस, जिन्यावरून सरसर आवाज येत होता. रात्रंदिवस खोकतेयस. काल दुपारी एकेचाळीस वेळा खोकलीस. मी मोजायला बसले नव्हते, पण दुसरं करायला होतं काय? बोटं इतकी गार पडतात की विणताही येत नाही.

आणि आपले ते दोन छोटे हीटर. दोन्ही एकदम चालू केले की ब्रेकर उडतो, हे तुझ्याही लक्षात आलंय. तुझा चालू झाला की माझ्या दिव्यांचा उजेड मंद होतो, मग मी माझा बंद करते. उपकार म्हणून करते असं समजू नकोस. ब्रेकर बेसमेंटमध्ये आहे, तो चढवायला तुझ्या खोलीतून जावं लागतं, आणि ते मला नको आहे.

तुला वाटत असेल, ही कोण हुकूम सोडणार. तर ऐक. १९८९ साली दोघा भावांनी मिळून हे घर घेतलं. कागदावर चौघांची नावं आहेत. मशिन शॉप दोघांचं, कर्ज दोघांचं, आणि २००९ साली ते शॉप बुडालं तेही दोघांचं. म्हणून आज आपल्या दोघींच्या पेन्शनी या असल्या. मी बावीस वर्षं शाळेच्या लंचरूममध्ये ट्रे मांडले. तू कामाला जायचीस तेव्हा नकुलला मी न्हाऊमाखू घातलं. हे उपकार म्हणून सांगत नाहीये. या घरात मी आधी आले आणि या घरात मी शेवटपर्यंत राहणार आहे, एवढं सांगते आहे. आणि तुझ्या सहीशिवाय ते होत नाही, याचा मला किती राग येतो ते काय लिहू!

हट्टीपणा माझ्याकडून शिकलीस. आता पुरे कर.

सुचित्रा


शनिवार, ११ जानेवारी

नीना,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘यांनी भरलेला फॉर्म कुठे गेला ते आधी सांगा. मग सही.’

कुठला फॉर्म? घरात कागद येतात आणि जातात. तीन वर्षांपूर्वीचा कागद कुणाच्या लक्षात राहतो? भाऊजींनी तेव्हा काहीतरी भरलं होतं खरं. मी पाठवला होता. नामंजूर झाला. त्या वेळी तसं सांगितलंही होतं त्यांना. काउंटीची माणसं कधी हो म्हणतात, कधी नाही. त्यांचे नियम दरवर्षी बदलतात. एवढंच आहे ते. आता उगाच जुनं उकरून काढू नकोस.

आज आपल्या मराठी म्हाताऱ्यांच्या शनिवारच्या गटाला जाऊन आले. लायब्ररीच्या मागच्या खोलीत तीच अठरा-वीस डोकी. भजन झालं, चहा झाला, मग सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. कुमाररावांनी सबंध वेळ हातमोजे काढले नाहीत. चहासुद्धा हातमोजे घालून प्याले. मी विचारलं, घरी थंडी आहे का? तर म्हणाले, “छे छे! आम्ही मुद्दामच कूल ठेवतो. हेल्थला चांगलं असतं.” त्यांची बायको चहाच्या कपाकडे बघत होती. माणूस अमेरिकेत चाळीस वर्षं इंजिनिअर होता, पण दोघांच्या ऑपरेशनांत सगळं गेलं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. मीही बोलले नाही. तुझ्याबद्दल विचारलं त्यांनी. मी सांगितलं, बरी आहे.

पाच दिवस राहिलेत. सही कर आणि मोकळी हो.

सुचित्रा


मंगळवार, १४ जानेवारी

नीना,

आज संक्रांत. तिळगूळ केला नाही आणि गोडही बोलणार नाही.

शनिवारी लिहिलं ते खोटं होतं. भाऊजींना सांगितलं होतं तेही खोटंच. पायरीवर पत्र ठेवून मी वर आले आणि पाणी प्यायले, तेव्हाच वाटलं की उचलून आणावं. आणलं नाही. तीन दिवस तुझ्याकडून चिठ्ठी आली नाही, खोकला तेवढा ऐकू येतोय. तेव्हा आता नीट लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते.

जानेवारी २०२२. भाऊजींचं डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. घरी आले की कुडकुडायचे. वर यायचे, डायनिंगच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट चार-पाच अंश चढवायचे, आणि खाली जायचे. मी तो उतरवायची. ते चढवायचे. मी उतरवायची. बिल माझ्या नावावर येतं, आणि हे गेल्यापासून बिलाचं पाकीट मी दोन-दोन दिवस उघडायची नाही. मग मी ते कुलपाचं प्लास्टिकचं खोकं आणून थर्मोस्टॅटवर बसवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. हे तुला माहीत आहे. तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “तुम्ही त्यांना थंडीत ठेवलंत.” त्या दिवसापासून तुझी चूल खाली गेली.

तुला माहीत नाही ते यापुढचं. कुलूप लावलं म्हणून भाऊजी रागावले नाहीत. आठवड्याभरानं एक फॉर्म घेऊन वर आले. डायलिसिसच्या ठिकाणी कुणीतरी दिला होता. पूर्ण भरलेला, त्यांच्या त्या ड्रॉइंग काढायच्या अक्षरात. घरात माणसं किती, तीन. तिघांची नावं, पहिलं माझं. म्हणाले, “वहिनी, बिल तुमच्या नावावर आहे, तुमची तेवढी एक सही हवी. मंजूर झालं की कुलूप काढता येईल.” मी म्हटलं, ठेवा, सही करून टाकते पोस्टात.

टाकला नाही. वर्तमानपत्रांच्या खाली घालून रिसायकलच्या डब्यात सारला. आपल्या मराठी मंडळाच्या ब्लँकेट वाटपाला आपल्या घरची देणगी दरवर्षी जायची, यांचं नाव हॉलच्या पाटीवर आहे, आणि आता आपणच सरकारच्या दारात हात पसरून उभं राहायचं? कुणी बघितलं तर? मला लाज वाटली गं. कारण एवढंच आहे, याहून मोठं काही कारण मला कितीही शोधलं तरी सापडत नाही. लाज माझी होती आणि थंडी त्यांनी सोसली.

तीन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, “वहिनी, काउंटीचं काही आलं का?” मी म्हटलं, आलं, नामंजूर झालं. ते म्हणाले, “असं कसं? आपण बसतो त्यात. मी नीट वाचलं होतं.” मग खाली जाता जाता म्हणाले, “असो. पुढच्या वर्षी परत भरू.”

आणखी एक आहे. तू कामावर असायचीस तेव्हाचं. ते ड्रायरमध्ये एक टॉवेल टाकून ड्रायर चालू करायचे आणि त्याला पाठ लावून स्टुलावर बसायचे. मी वरून ओरडायची, किती वेळ चालवताय, वीज काय फुकट येते? एकदा म्हणाले, “झालंच वहिनी, वाळत आलंय.” ते त्यांच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा मी खाली जाऊन ड्रायर उघडून बघितला. टॉवेलवर कपाटातल्या घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. ओला कधी झालाच नव्हता. मला समजलं होतं, नीना. समजूनही मी वर आले आणि कुलूप काढलं नाही.

मार्चमध्ये ते गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. थंडीनं गेले असं मी म्हणणार नाही, आणि तुलाही तसं ठामपणे म्हणता येणार नाही. पण शेवटचा हिवाळा त्यांनी थंडीत काढला आणि तो मी काढायला लावला. तेराव्याला तू बोललीस ते खरं होतं. मी मात्र मंडळात सांगत फिरले की दुःखानं नीनाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

माफ कर असं लिहीत नाही. तू करू नयेस असं मलाच वाटतं.

आता फॉर्म. परवा सोळा तारीख. माझ्यासाठी सही करू नकोस. तू खोकतेयस, आणि या घरात आणखी कुणी कुडकुडलेलं मला चालणार नाही. तू सही केली नाहीस तर मी काउंटीच्या ऑफिसात जाऊन बसेन, माझं नाव घरातून काढा म्हणेन आणि कुठंही राहायला जाईन, म्हणजे तुझा एकटीचा अर्ज तरी मंजूर होईल. हे धमकावायला लिहीत नाहीये. बॅग भरून दारापाशी ठेवली आहे, वर येऊन बघ.

सुचित्रा


गुरुवार, १६ जानेवारी, सकाळी

नीना,

तुझी चिठ्ठी आठ वेळा वाचली. ‘बॅग सोडा. नवीन फॉर्म मी भरलाय. अर्जदार मी. तुमचं नाव दुसरं. कागद माझ्याच हातात राहील, मीच देईन. दहा वाजता निघू.’

पहिल्यांदा डोक्यात तिडीक गेली, खोटं कशाला सांगू. छत्तीस वर्षं या घराच्या प्रत्येक कागदावर पहिली सही आमची, आणि आता मी ‘घरातील इतर व्यक्ती’! मग वाटलं, ज्या बाईनं एक फॉर्म डब्यात घातला तिच्या हातात दुसरा कोण देईल? मीही दिला नसता.

मंजूर. गाडी गरम करून ठेवते. पेन्शनचे कागद निळ्या फाइलमध्ये आहेत, त्यातले माझे तू आधी तपासून घे.

सुचित्रा


बुधवार, २२ जानेवारी

नीना,

आता आपण बोलतो, म्हणजे ‘दूध संपलंय’ आणि ‘तो माणूस आलाय’ एवढं बोलतो. तरी हे लिहूनच सांगते. तोंडानं सांगायला गेले की माझा आवाज चढतो.

आज दुपारी तीन वाजता नवीन फर्नेस चालू झाली. तू तिथंच उभी होतीस. त्या माणसानं बटण दाबलं, आधी नुसता घुमला आवाज, मग जाळीतून ऊब आली आणि तू जाळीवर पाय ठेवलास. मी जिन्यात होते. खाली आले नाही, कारण ती जागा माझी नव्हती.

त्या दिवशी ऑफिसात जे झालं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. जाताना तू मागच्या सीटवर बसलीस, टॅक्सीत बसावं तशी. अनिकानं सगळे कागद लावले आणि विचारलं, “हॅव यू एव्हर अप्लाइड बिफोर? या वर्षीचं सोडून?” तू म्हणालीस, “माझ्या मिस्टरांनी भरला होता. पोचला नाही.” मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, मी पोचू दिला नाही. त्या पोरीनं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं, आणि शेवटी ‘नो’ वर टिक केली. त्यांच्या फॉर्ममध्ये याला दुसरा रकानाच नाही.

नंतर तू बाथरूमला गेलीस तेव्हा ती मला म्हणाली, “काकू, यू नो, आपल्या कम्युनिटीतले सीनिअर्स येतच नाहीत. दे क्वालिफाय, पण येत नाहीत. आय डोन्ट गेट इट.” मी म्हटलं, मला कळतं. मला चांगलंच कळतं.

तेव्हापासून मनात एक घोळतंय, आणि सोमवार-मंगळवारच्या थंडीत ते पक्कं झालं. पाइप गोठू नयेत म्हणून घरचे नळ बारीक सोडून ठेवले आणि ते दोन दिवस आपण लायब्ररीत काढले. काउंटीनं ऊब घ्यायला ती उघडी ठेवली होती. तू खिडकीपाशी, मी मासिकांपाशी. दुपारी कुमारराव आणि त्यांची बायको आले. मला बघून कुमारराव म्हणाले, “एक पुस्तक बदलायला आलो होतो.” संध्याकाळपर्यंत बसले होते. हातात पुस्तक नव्हतं.

या शनिवारी मी गटात उभी राहून सांगणार आहे. मदत मिळते, ती कशी मिळते, फॉर्म कुठं असतो, अनिकाचा नंबर काय, हे सांगणार आहे. आणि तेवढं सांगून ते येणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून मी काय केलं तेही सांगणार आहे. भाऊजींचं नाव घेऊन. कुलूप, फॉर्म, डबा, ‘नामंजूर झालं’, सगळं. आणि तुझ्याबद्दल मी जे पसरवलं ते खोटं होतं, हेही. मंडळाच्या ज्या हॉलात यांचं नाव पाटीवर आहे तिथं मला पुढच्या वेळी खुर्ची मिळेल की नाही माहीत नाही. नाही मिळाली तर उभी राहीन.

भाऊजी तुझे होते. त्यांचं नाव मी तुला न विचारता घेणार नाही. नको असेल तर पायरीवर ‘नको’ एवढं लिहून ठेव, मी माझ्यापुरतं सांगेन. शुक्रवार रात्रीपर्यंत काही नसेल तर हो समजेन.

सुचित्रा


रविवार, २६ जानेवारी

नीना,

पायरीवर काही नव्हतं. मी शुक्रवारी चार वेळा बघितलं.

काल तू येशील असं मला वाटलं नव्हतं. तू कुणाच्या गाडीतून आलीस, कधी आलीस, मला कळलं नाही. पावणेतीन वर्षांनी आलीस आणि चहाच्या टेबलापाशी शेवटच्या खुर्चीत बसलीस. मी उभी राहिल्यावर मला दिसलीस. जे झालं ते तू बघितलंसच, पण पुढून कसं दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आधी नंतरचं सांगते. सगळं झाल्यावर दोन बायका माझ्याजवळून न बोलता निघून गेल्या. आणखी एकीनं जाताना म्हटलं की घरातलं घरात ठेवायचं असतं. असू दे. कुमाररावांची बायको आली, माझ्या हातातून फॉर्म घेतला, आणि माझ्यासमोर पर्समधलं पेन काढून पहिला रकाना तिथंच भरायला लागली. कुमारराव म्हणाले, “अगं, घरी जाऊन बघू.” ती म्हणाली, “घरी माझा हात चालत नाही थंडीनं.” मग तेही शेजारी बसले, हातमोजे काढले आणि तिला सोशल सिक्युरिटीचे नंबर सांगायला लागले. पंधरा फॉर्म नेले होते. अकरा गेले. उरलेले चार मी खिडकीत ठेवून आले, कुणी बघत नसताना उचलायला.

आता ते. मी उभी राहिले तेव्हा कागद हातात होता, पहिलं वाक्य मी मनातच दोनदा वाचलं. मग जे निघालं ते एवढं बारीक की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. “माझ्या दिरांनी, विष्णूभाऊंनी, तीन वर्षांपूर्वी एक फॉर्म भरला होता. तो मी फेकला.” पुढच्या रांगेतले दोघे-तिघे मान खाली घालून बसले होते. मागच्यांना वाटलं, मी काही सूचना वाचतेय. कुणीतरी कप खाली ठेवला. कुणी शेजारच्याशी बोलत होतं. मला वाटलं, झालं, सांगून झालं, आता बसावं. सांगितलं हे खरंच होतं, कुणी ऐकलं नाही हा काही माझा दोष नाही. नीना, मी बसणारच होते. खुर्चीच्या पाठीवर हातही ठेवला होता.

तेव्हा तू मागून उठलीस. सगळ्या माना वळल्या. भाऊजींचा तो कोट अंगात नव्हता, तुझी हिरवी शाल होती. आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “वहिनी, मोठ्यानं बोला. मागं ऐकू येत नाहीये.”

मग मी कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तू शेवटपर्यंत उभी होतीस.

सुचित्रा